बोटीवर न जाता बोटीच्या धंद्यात

आमच्या केळशीकडे मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, तर "बोटीवर असतो" एवढं उत्तर पुरतं. कुठली बोट, कसलं काम, पुढचं कोणी विचारत नाही. माझ्या बाबतीत मात्र आईची पंचाईत व्हायची. "बोटीवर माणसं पाठवणारी कंपनी असते ना, तिथे आहे" म्हटलं की समोरचा लगेच, "मग आमच्या पोराला लावा की!" शेवटी ती "मुंबईला ऑफिसात आहे" म्हणून विषय संपवायला लागली.

खलाशी आणि बोटीवरचे अधिकारी भरती करणाऱ्या, म्हणजे आमच्या भाषेत मॅनिंग करणाऱ्या, एका कंपनीत मी जून २०१४ मध्ये लागले आणि १ एप्रिल २०२४ ला तिच्याच रत्नागिरी शाखेची प्रमुख झाले. बीकॉम झालेल्या तीन-चार मुलींनी अलीकडे विचारलं, की या लाइनीत नेमकं काम काय असतं आणि बोटीवर कधी न गेलेल्या माणसाला पुढे जाता येतं का. म्हणून तारखांसकट लिहिते. तारखा माझ्या डायरीतल्या आहेत. डायरी का ठेवायला लागले, तेही येईल.

रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजातून बीकॉम झाले तेव्हा डोक्यात बँकेच्या परीक्षा होत्या. दोन दिल्या, दोन्ही गेल्या. बाबा २००९ पर्यंत बोटीवर चीफ कुक होते; जुनी माणसं त्यांना अजून भंडारीच म्हणतात. त्यांच्याबरोबर पूर्वी असलेल्या एका सारंगानं (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) सांगितलं की सीबीडी बेलापूरला एका ऑफिसात डॉक्युमेंटेशनला माणूस हवं आहे. मुलाखतीत फार काही विचारलं नाही. पाच पासपोर्टांच्या झेरॉक्स दिल्या आणि वीस मिनिटांत एक्सेलमध्ये भरा म्हणाले. दोनांत मुद्दाम गोम ठेवली होती: एकाची मुदत संपलेली, दुसऱ्यात आडनावाची जागा कोरी. मला पहिली सापडली, दुसरी नाही. तरी घेतलं. पगार ९,५००. नेरूळला चौघींत एक खोली, माझ्या वाट्याला ३,५०० भाडं, डब्याचे १,८००. पहिलं वर्षभर घरी एक पैसा पाठवता आला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काम काय, तर माणूस बोटीवर चढण्याआधी त्याची फाइल चढते. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची ओळख आणि नोकरीची नोंद असलेली सरकारी पुस्तिका), इंडॉस नंबर (सरकारी नोंदीतला खलाशाचा कायमचा क्रमांक), मेडिकल, आग विझवण्यापासून प्रथमोपचारापर्यंतच्या कोर्सांची सर्टिफिकेटं, यलो फीव्हरचं कार्ड. बोट अमेरिकेच्या बंदराला लागणार असेल तर सी-वन-डी व्हिसा. प्रत्येक कागदाची मुदत वेगळी. सीडीसी दहा वर्षं, मेडिकल दोन वर्षं, आग आणि जीव वाचवण्याच्या कोर्सांची उजळणी दर पाच वर्षांनी. खलाशी वर्गाचं, ज्याला रेटिंग म्हणतात, कॉन्ट्रॅक्ट साधारण नऊ महिन्यांचं. त्यामुळे कागद आज चालू आहे एवढं बघून भागत नाही. नऊ महिन्यांनी, माणूस भर समुद्रात असताना, तो चालू असेल का हे बघायचं.

हे आज दोन ओळींत लिहिलं. शिकले मात्र ऑक्टोबर २०१५ मध्ये, आणि दुसऱ्याला भुर्दंड पाडून.

खेड तालुक्यातला एक मोटरमन, म्हणजे बोटीच्या इंजिनरूममधला खलाशी, होता. फाइल मी तपासली, सीडीसीपुढे बरोबरची खूण केली. तिची मुदत मार्च २०१६ ला संपत होती, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या मध्येच. विमान निघायच्या आदल्या दिवशी जहाजमालकाच्या ऑफिसनं ते पकडलं आणि माणूस नाकारला. तो तोवर कोकणकन्येनं निघून बेलापुरात पोचलेला, बॅग पायाशी, बॅगेत आईनं दिलेलं कुळथाचं पीठ आणि आंबोशी. सरांनी मला सांगितलं, "चूक तुझी आहे, तूच सांग त्याला." मी सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आता घरी काय सांगू? काल सगळे स्टेशनवर आले होते सोडायला." सीडीसी नवी होऊन दुसऱ्या बोटीवर चढेपर्यंत जानेवारी अर्धा उलटला. तीन महिन्यांचा पगार त्याचा गेला. माझा एक रुपया कापला नाही.

त्या संध्याकाळी सानपाड्याच्या स्टेशनरीतून ६० रुपयांची डायरी आणि लाल पेन घेतलं. प्रत्येक माणसापुढे त्याचा सगळ्यात आधी संपणारा कागद आणि त्याची तारीख. कंपनीत सॉफ्टवेअर होतंच, पण सॉफ्टवेअरला मी भरलेलंच दिसायचं.

याच काळातली एक गोष्ट आपल्याकडच्या मुलांसाठी. आडनावाचं स्पेलिंग. सावंतमध्ये पासपोर्टवर डब्ल्यू आणि सीडीसीवर व्ही, किंवा एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाहीच. गावच्या शाळेच्या दाखल्यापासून हा घोळ सुरू होतो आणि विमानतळाच्या काउंटरवर फुटतो. कोर्सला पैसे भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

२०१६ चं वर्ष मनिला दुरुस्त्यांनी खाल्लं. खलाशांच्या प्रशिक्षणाचे नवे नियम १ जानेवारी २०१७ पासून पुरे लागू होणार होते आणि त्याआधी प्रत्येकाला उजळणीचे कोर्स करून घ्यायचे होते. संस्थांच्या बॅचा भरलेल्या, माणसं रजेवर गावात, गावात रेंज नाही. कोणी वाडीतल्या दुकानात फोन लावून निरोप ठेवायचा हे मला ठाऊक. हर्णैचा माणूस दुपारी कुठे सापडेल आणि मंडणगडकडचा जुम्याच्या नमाजाच्या वेळी फोन उचलणार नाही, हेही. ऑफिसात माझं नाव "कोकण डेस्क" पडलं. त्याचे पैसे वेगळे मिळत नव्हते.

डिसेंबर २०१६ मध्ये क्रूइंगमध्ये जागा निघाली. डॉक्युमेंटेशनवाला कागद बघतो. क्रूइंगवाला माणूस निवडतो, कोणत्या बोटीवर कधी चढवायचा आणि कोणाला उतरवायचं ते ठरवतो. मी अर्ज केला आणि नापास झाले. कारण विचारायला चार दिवस धीर होईना. पाचव्या दिवशी विचारलं. क्रू मॅनेजर जुने चीफ इंजिनिअर होते. म्हणाले, "तू फिटर पाठवायचा म्हणून फिटर पाठवशील. फिटरला तिथे काय करावं लागतं, माहीत आहे?" राग आला, पण खरं होतं. बोटीवरच्या माणसाच्या पैशावर मी वाढले आणि मोटरमन दिवसभर करतो काय हे मला सांगता आलं नसतं.

त्यांनीच पुढे मार्चमध्ये न्हावा-शेव्याला लागलेल्या एका कंटेनर बोटीवर एक दिवस नेलं. गेटपासला आठवडा गेला, सेफ्टी बूट पुरुषांच्या मापाचे, आत दोन जोड मोजे. गँगवे, म्हणजे बोटीवर जायचा जिना, चढताना खाली पाहिलं आणि पाय लटपटले. इंजिनरूममध्ये बोलणं ऐकू येत नव्हतं, खुणांनी चाललं होतं, आणि दहा मिनिटांत कपडे अंगाला चिकटले. परत येताना मेसमध्ये कुकनं चहा दिला. तो मालवणचा निघाला. त्यानं सांगितलं की बोट हलत असताना भाताचं पातेलं शेगडीवर कसं अडकवून ठेवतात. बाबांनी २५ वर्षं हे केलं आणि घरी कधी बोलले नव्हते. त्या रात्री मी त्यांना फोन केला आणि तासभर फक्त पातेल्यांबद्दल बोललो.

या लाइनीत येणाऱ्या प्रत्येकीनं पहिल्या सहा महिन्यांत एकदा तरी बोट आतून बघावी. कंपनी स्वतःहून नेणार नाही, मागावं लागतं. आणि नापास झालात तर कारण विचारा. लेखी मिळालं तर उत्तम.

जुलै २०१७ ला दुसऱ्यांदा अर्ज केला आणि झालं. पगार १८,०००. पुढची अडीच वर्षं भराभर गेली: रिलीफ प्लॅन (कोणाच्या जागी कोण कधी चढणार ते), रात्री दोनला येणारे फोन, ऑडिटच्या आधीच्या रात्री, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीबाहेर माणसांना धीर देणं. त्यातलं वेगळं सांगण्यासारखं एकच. ऑगस्ट. कोकणातला प्रत्येक खलाशी गणपतीला घरी असायला बघतो आणि बोटीला गणपती माहीत नाही. सगळ्यांना उतरवणं शक्य नसतं, म्हणून मी फेब्रुवारीतच विचारायला लागले: गेल्या वर्षी कोण घरी होतं? जो नव्हता, त्याचं नाव वर. कोणाच्या घरी दीड दिवसाचा आणि कोणाकडे गौरीसकट, यावरून तारीख दोन-चार दिवस मागेपुढे करता येते. मॅनेजरना आधी हसू आलं. पण जॉइनिंगला ऐनवेळी "ताप आलाय" सांगणारे कमी झाले, तेव्हा तीच पद्धत सगळ्या डेस्कना लावली.

मग मार्च २०२०.

२२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली. माझ्या यादीत तेव्हा ६३ माणसं पाण्यावर होती. मी शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडून घरी पोचले होते. आमच्या घरात फोनला रेंज नाही. डोंगरावर चढून एका काजूच्या झाडाखाली बसलं की दोन काड्या मिळतात. ऑफिस तिथे थाटलं. समुद्री कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे माणसाला बारा महिन्यांच्या आत घरी सोडावं लागतं, म्हणून आम्ही अकरा महिने ही हद्द धरतो. मे अखेर १९ जण ती ओलांडून गेले होते. उतरवायचं कुठे? बंदरं माणसाला जमिनीवर पाय ठेवू देत नव्हती. एप्रिलमध्ये भारतीय बंदरांत उतरण्या-चढण्याची नियमावली आली खरी, पण बोट भारताकडे यायला तर हवी.

फोन बहुतेक बायकांचे. दाभोळची एक भाभी रोज सकाळी साडेनऊला करायची. माझ्याकडे सांगायला काही नसायचं. पहिल्या आठवड्यात मी "लवकरच होईल" म्हणत होते. मग ते बंद केलं. "आज बोट डर्बनच्या बाहेर उभी आहे, उतरायची परवानगी नाही, उद्या पुन्हा विचारणार आहे" असं जे असेल ते सांगायला लागले. त्या महिन्यांत कामाबद्दल जे शिकले ते एवढंच: नसलेली बातमी द्यायची नाही, पण ठरलेल्या वेळी फोन मात्र करायचा.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमची अर्धी कौलं गेली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, माझं काजूचं झाड मुळापासून उपटलं. वीज गेली ती गेलीच. मोबाइलचे टॉवर बंद. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "बाय, चल, तुझी माणसं वाट बघत असतील." त्यांच्या स्कूटरवरून, पडलेली झाडं चुकवत, खेडच्या बाजूला गेलो तेव्हा रेंज आली आणि फोन एक मिनिटभर नुसता थरथरत होता. त्यातले निम्मे फोन बोटीवरचे. त्यांनी बातम्यांत वादळ पाहिलं होतं आणि घरचा फोन लागत नव्हता. म्हणजे आता मी त्यांना घरची खबर द्यायची. पुढचे आठ-दहा दिवस तेच केलं: येताजाता जेवढ्या घरांवरून जाता येईल तेवढी डोळ्यांनी बघायची आणि मेसेज टाकायचा, "छप्पर गेलं, माणसं बरी." शेवटचा माणूस नोव्हेंबरात घरी आला. साडेपंधरा महिने.

रत्नागिरीत शाखा असावी हे तेव्हाच डोक्यात आलं. प्रस्ताव दिला ऑगस्ट २०२१ मध्ये, दीड पानाचा. होकार आला जानेवारी २०२२ ला. मधले पाच महिने कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. मी दर पंधरा दिवसांनी एक ओळीची मेल टाकत राहिले. होकार आला तोही अटीवर: एक वर्ष बघू, पगारवाढ नाही, आणि शाखेचा पत्ता परवान्याच्या कागदांवर चढेपर्यंत तिथून एकही माणूस भरायचा नाही.

ही अट सगळ्यात जड गेली. मारुती मंदिराजवळ दोन खोल्या ११,००० भाड्यानं घेतल्या. करार नोंदवला, दुकाने-आस्थापनांची ऑनलाइन सूचना भरली (दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा तेवढं पुरत होतं), व्यापारी मीटर घेतलं. कागद मुंबईला गेले आणि वाट बघणं सुरू झालं. पाटी लावलेली, खुर्च्या मांडलेल्या, माणसं दारात येताहेत आणि मी त्यांना फक्त "कागद तपासून देते" म्हणते आहे. जवळजवळ चार महिने. जून उजाडला, भिंतींना ओल आली, फायलींना बुरशी धरू नये म्हणून कपाटात ६० वॅटचा बल्ब लावून ठेवला. कोकणात ऑफिस काढणाऱ्यानं हा बल्ब विसरू नये.

आणि परवानगी आल्यावर खरी गंमत. गुहागरकडून एक बाप मुलाला घेऊन आला. जीपी रेटिंगचा, म्हणजे नव्या खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स झालेला, कागद चोख. सगळं बोलणं झालं आणि बापानं आवाज खाली आणून विचारलं, "किती द्यायचे?" म्हटलं, काही नाही. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल तुमच्या खर्चानं, बाकी नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला बंदी आहे, व्हिसाचाही खर्च जहाजमालकाचा. तो उठला. बाहेर जाऊन मुलाला म्हणाला ते मला ऐकू आलं: "पैसे घेत नाय म्हणजे काम करणार नाय ही." महिनाभरानं कळलं, मुंबईत कोणा एजंटाला तीन लाख दिले. पोरगा कुठल्यातरी लहानशा बोटीवर चार महिने बिनपगारी राहिला आणि परत आला.

असं पहिल्या वर्षात सहा-सात वेळा झालं. मी मग एक काम सुरू केलं. येणाऱ्याच्याच मोबाइलवर डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची, साइट उघडायला लावायची, परवानाधारक कंपन्यांच्या यादीत आमचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) नंबर त्यालाच शोधायला सांगायचा. आणि वर सांगायचं, की आज माझ्याकडे तुझ्यासाठी जागा नाही. हे दुसरं वाक्य ऐकून लोक विश्वास ठेवायला लागतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नव्या मुलाला पहिली बोट मिळायला वर्षसुद्धा लागतं, आणि ते त्याच्या आईबापासमोर सांगितलेलं बरं.

पहिल्या वर्षात शाखेतून ११ माणसं चढली. मुंबईनं ३० धरली होती. मला वाटलं, संपलं. पण आकड्यांबरोबर मी दुसरा तक्ताही पाठवला होता: ११ पैकी एकही ऐनवेळी फिरला नाही, एकाचाही कागद परत आला नाही. आणखी एक वर्ष मिळालं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले तेव्हा घराघरातून फोन आले. त्या वेळी शाखा गावाजवळ असल्याचा उपयोग मुंबईलाही कळला: दोन आया तर बसनं येऊन समोर बसल्या, नकाशावर बोट कुठे आहे ते बघून गेल्या.

फेब्रुवारी २०२४ ला मुलाखत झाली, ४० मिनिटांची, त्यातली २५ मिनिटं पहिल्या वर्षी ३० पैकी न चढलेल्या १९ माणसांबद्दल. पत्र आलं १८ मार्चला. पगार ५२,०००. बेलापुरात याच हुद्द्याला जास्त मिळतात. मी विचारलं, त्यांनी रत्नागिरीत खर्च कमी असतो असं सांगितलं. खोली भाड्यापुरतं ते खरं आहे. मासळीच्या बाबतीत नाही.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. उतरू इच्छिणारे २३, उतरवता आले ९. यादी लावून झाल्यावर खेडहून फोन आला. तोच मोटरमन, आता फिटर आहे, दोन मुलं, मधल्या काळात आमच्याच कंपनीतून सात कॉन्ट्रॅक्ट केली. म्हणाला, "मॅडम, गणपती झाले की जॉइन करायचंय. पण आधी लाल पेन काढा. माझी सीडीसी जानेवारीत संपते. दहा वर्षं होतील." मी डायरी उघडली. त्याचं नाव, तारखेसकट, फेब्रुवारीतच लिहिलेलं होतं. त्याला सांगितलं, विसर्जनाची वाट बघू नकोस, अर्ज याच आठवड्यात टाक. म्हणाला, "कालच टाकला."